मंडळात वाचायची आई

हॅलो?

हॅलो… हं, बोल प्रज्ञेश.

हो, घरीच आहे. आत्ता येतेय ऑफिसमधून, चप्पलसुद्धा पायातच आहे. बोल.

अरे हो, पोचल्याचा मेसेज मिळाला ना. त्याला आता आठवडा झाला. 'सुखरूप पोचलो', आणि पुढे ते जोडलेले हात. आम्ही कृतकृत्य झालो.

अजून जेट लॅग? आठवडाभर? असेल बाबा. आम्ही स्वारगेटच्या पुढे जात नाही, आम्हाला काय कळणार.

हो… हो… आई मजेत आहे. तिला काय होतंय! सकाळपासून माझं डोकं खाल्लंय तिनं. आवळे! मार्केट यार्डातून आवळे आण, मोरावळा घालायचाय. मी बिबवेवाडीत राहते म्हणजे मार्केट यार्ड माझ्या बाल्कनीत भरतं, अशी तिची समजूत आहे. 'आणते' म्हटलं. तासाभरानं पुन्हा फोन, आवळे आण. पुन्हा 'आणते' म्हटलं. मीटिंगमध्ये होते तर पुन्हा! शेवटी ओरडलेच तिच्यावर. आई, मला कानांनी ऐकू येतं, म्हटलं. तेव्हा ठेवला.

ते जाऊ दे. तू काय काम काढलंस?

काम नाही? नुसता फोन? बरं वाटतंय ना तुला?

काय लिहिलंयस? … लेख? तू?

अच्छा, संक्रांतीला. तिकडच्या मंडळात. किती माणसं असतात रे?… दीडशे? हॅम्बुर्गमध्ये? मग आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवापेक्षा बरं आहे. आणि हे तू माइकवर वाचणार. बरं. विषय काय?

'सुट्टीतलं घर'. हं. छान.

नाही रे, टोमणा नाही मारला. साधं 'छान' म्हटलं. तिकडे राहून फार संशयी झालायस तू. वाच, ऐकते. थांब, स्पीकरवर टाकते, मेथी निवडायचीय. … स्पृहा, टीव्ही बारीक कर गं! मामा लेखक झालाय. … हं, वाच.

हं… हं…

थांब. जरा थांब. 'पहाटे आईच्या बांगड्यांच्या किणकिणीनं जाग आली'? कोणाच्या बांगड्या? आईनं बांगड्या कधी घातल्या रे? बँकेत होती तेव्हासुद्धा एका हातात घड्याळ आणि दुसरा हात मोकळा. आणि पहाटे? तू साडेदहाला उठायचास. स्वयंपाकाची रुपाली पोळ्या करून, ओटा पुसून, निघून जायची तेव्हा साहेब दात घासत असायचे.

हो, भावना. भावना महत्त्वाची. कळलं. पुढे.

'अंगणातल्या तुळशीपाशी लावलेला दिवा…' प्रज्ञेश! सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, अंगण कुठून आणलंस? आईच्या ग्रिलला एक कोरफडीची कुंडी टांगलीय, तिच्यात तू टूथपिक खोचून गेलायस. मी काढल्या त्या.

शी!

शी म्हटलं. ऐकू आलं ना? अरे, खरंच कसंसंच होतंय मला. साखर जास्त पडलेला शिरा खाल्ल्यासारखं.

नाही, आता अर्धवट नको. सुरू केलंयस तर वाच.

काय? चुलीवरची पुरणपोळी? चूल?… अरे देवा. त्या पोळ्या मी आणल्या होत्या, दुकानाबाहेर उन्हात उभी राहून! आणि तू एक खाल्लीस, बोटं टिश्यूला पुसलीस आणि म्हणालास, तूप फारच आहे गं ताई. ते लिहिलंयस का? नाही ना?

मी चिडत नाहीये. तू ऐक जरा. अडीच आठवडे होतास. पहिल्या दिवसापासून नाकाला रुमाल. जिन्यात वास येतो. फ्रिजला वास येतो. रस्त्यावर धूळ, हॉर्न, लोक मध्येच थुंकतात. थुंकतात, मान्य आहे. मलाही किळस येते. पण आईनं स्वतः धुऊन, इस्त्री करून ठेवलेली चादर तू दोन बोटांत धरून बाजूला केलीस आणि ऑनलाइन नवी मागवलीस. तिच्यासमोर! आणि आता विमानातून उतरल्याबरोबर त्याच वासाचा 'मातीचा गंध' झाला?

हो, येतेच किळस. तुझी नाही रे… नाही, तुझीच.

एक मिनिट, मध्ये फोन येतोय. … आईच. वाजू दे. आवळे असणार. तुझं झालं की बघते. वाच.

हं… हं…

हे काय होतं? 'जेवून हात धुऊन आलो, तर पुन्हा पान वाढलेलं'? आग्रहाचं म्हणतोयस का?

मग?

म्हणजे जेवण झाल्यावर म्हणायची, 'तू जेवला नाहीस अजून'? आणि तू काय केलंस?… पुन्हा बसलास. 'आईच्या मायेला मोजमाप नसतं.' हं. … असेल. तुझी पँट का बसेना ते तरी कळलं.

नाही, काही नाही. आहे मी. वाच तू.

हळू वाच. पुन्हा वाच ते. तू आणि आई दगडूशेठला गेलात. दर्शन झालं. चालत घरी निघालात. हं. 'आणि मग आम्ही दोघं रस्ता चुकलो.'

कोण दोघं?

अरे पण चुकायला रस्ता आहे कुठे त्यात? बुधवार पेठेतून सदाशिव पेठेत यायचं. रमतगमत आलं तरी पंधरा मिनिटं लागत नाहीत.

तुझं मी समजू शकते. तू काय, पाहुणा. पण आई? उभा जन्म तिथे गेला तिचा. बँक तिथेच, भाजी तिथलीच, आपली शाळेची पुस्तकं तिथूनच आणायची. गणपतीच्या गर्दीत आपल्या दोघांना दोन हातांना धरून खांद्यानं वाट काढत यायची ती. डोळे बांधून सोडलं तरी घरी येईल.

'आईचं बोट धरून गल्लीबोळांतून भटकताना पुन्हा लहान झालो…' थांब. ते लहान-बिहान राहू दे. मला एक सांग. कोणी कोणाचं बोट धरलं होतं?

लेखात काय आहे ते नाही विचारलं. कोणी कोणाचं?

…तिनं तुझं.

थांब, स्पीकर काढते. स्पृहा, तू आत जा जरा. जा म्हटलं ना.

हं. प्रज्ञेश, ऐक. तुझ्या बांगड्या खोट्या आहेत ना? तुळस खोटी, अंगण खोटं, ती चूल तर खोटीच. मग हेही तसंच असेल. लोकांनी हळहळावं म्हणून घातलं असशील. हो ना? मी काही बोलणार नाही. खुशाल वाच मंडळात, हवं तर आणखी चार बांगड्या घाल तिच्या हातात. फक्त हे खोटं आहे म्हणून सांग.

प्रज्ञेश.

अरे, बोल ना!

…कुठे थांबली? अप्पा बळवंत चौकात. पुस्तकांच्या दुकानांपाशी. बरं. दमली असेल. … नव्हती दमली. मग?

काय विचारलं तिनं?

'आपल्याला कुठे जायचंय?'… तू म्हणालास घरी. … हं. … मग?

'ते कुठल्या बाजूला?'

आई असं म्हणाली? आपली आई?

आणि तू मॅप लावलास. आईला तिच्या घरी न्यायला मोबाइलवर मॅप लावलास. हे का नाही रे लेखात? गल्लीबोळ आहेत, बोट आहे, मॅप कुठे गेला?

शोभत नाही. बरोबर. नाहीच शोभत.

मला का नाही सांगितलंस? त्या संध्याकाळी मी आले होते ना! तुझ्यासमोर सोफ्यावर बसले होते. तू त्या चादरीचं पार्सल फोडत होतास, आई चहा गाळत होती. एक शब्द बोलला नाहीस!

ती म्हणाली?… 'शर्मूला सांगू नकोस.' हं. 'ती लगेच डॉक्टर-डॉक्टर करत बसेल.' म्हणाली असेल. तिचंच वाक्य आहे ते.

म्हणून मला नाही सांगितलंस. शब्द पाळलास आईचा. आणि दीडशे माणसांना माइकवरून सांगणार होतास!

गोड? काय गोड आहे त्यात? … तुझ्या बायकोला रडू आलं ऐकताना? येऊ दे. मलाही येतंय. पण तिला तिळगुळाच्या कार्यक्रमासाठी आलं आणि मला… जाऊ दे.

नाही, मी बोलणार. मघाशी शी म्हटलं ना, ते बांगड्यांना होतं. ते काहीच नव्हतं. आत्ता येतेय ती खरी किळस. आई भर चौकात घर विसरली, तुझ्या डोळ्यांसमोर, आणि तुला काय सुचलं? तुला परिच्छेद सुचला!

फोन कट करू नकोस. … मग ठीक आहे. आता मला सांग, आणखी काय काय झालं? लेखातलं नको. जे लिहिलं नाहीस ते सांग. साधं सांग.

हं. … रुपालीला 'ही कोण' म्हणाली? तिच्यासमोर? … हं.

नळ उघडाच राहिला. बरं. कितीदा? …

साडी नेसून तयार? कुठे जायला?… बँकेत? रविवारी?

अरे, तिला रिटायर होऊन केवढी वर्षं झाली!… पर्स घेऊन, छत्री घेऊन, दाराशी.

थांब. ती निळी साडी का? तो फोटो तू ग्रुपवर टाकला होतास. 'आमची मॅडम नटली.' … हो. आठवतोय. मी बदाम पाठवला होता त्याला.

हो रे. लाल बदाम. आणि लिहिलं होतं, आई, निळा रंग काय खुलतो तुला.

नाही, बोलतेय मी. आवाज असाच येतोय.

मला नाही कळलं. दर रविवारी जाते मी तिच्याकडे. भाजी फ्रिजमध्ये ठेवते, औषधं बघते, रुपालीच्या तक्रारी ऐकते आणि पळते. तासाभरात काय दिसणार? तेवढा एक तास ती झाकून नेते. हुशार बाई आहे, बँकेत कॅशला होती, कोणाला फसायची नाही. मीच फसले.

रात्री एकटी असते ती तिथे, प्रज्ञेश. गॅस, नळ, तो जिना. दाराची कडी आतून लावते.

रडू नकोस. आत्ता नको. रडायचं तर मंडळात रड, टाळ्या तरी पडतील.

…बरं. ठीक आहे. लागलं असेल तर लागू दे. मलाही लागलंय.

नाही! डिलीट नको करूस. अरे, ऐक ना माझं. हातसुद्धा लावू नकोस त्याला. म्हणजे लाव. बांगड्या काढ, तुळस काढ, चूल काढ, मातीचा गंध काढ. उरेल ते मला पाठव. आणि आत्ता जे सांगितलंस तेही त्याखाली लिही. मॅपसकट. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, कधीपासून? काय काय? मला काहीएक सांगता येणार नाही. सगळा दिवस तिच्याबरोबर तूच होतास.

मंडळाचं तुझं तू बघ. त्यांना दुसरं काहीतरी वाचून दाखव. तिकडच्या बर्फावर लिही.

आणि तू परत येतोयस. … रजा नसेल, मला माहितेय. मी रजेचं विचारलंच नाही. ती मला दाद देणार नाही. तुझं ऐकेल. तुझ्यासाठी दोनदा पान वाढते ती. तू समोर बसून सांगायचंस तिला, की आई, डॉक्टरकडे जायचंय. … मुलांच्या शाळा असू देत. तू एकटा ये. आणि ती जुनी चादर पांघरून झोप.

हो. … हो, उद्या बोलू. मी आजच जाते तिच्याकडे. कारण काय सांगू ते बघते, ती लगेच ओळखते.

थांब. आईचा फोन येतोय परत.

नाही, घेते. मघाशी वाजू दिला मी. ठेव तू. … अरे, नंतर कर ना फोन! ठेव म्हटलं ना, कट होईल तिचा!

हॅलो?

हं, आई… बोल ना. नाही गं, कामात नव्हते. मेथी निवडत बसले होते.

नाही, सर्दी झालीय जरा. बोल तू.

आवळे?

हो, आणते की. मार्केट यार्डातून आणते, चांगले टपोरे बघून. किलोभर पुरतील?… बरं, दोन आणते. मोरावळा घालू या. मी येते ना मदतीला, आजच येते.

आधीही सांगितलंस? कधी?… नाही गं आई. नाही सांगितलंस. आत्ता पहिल्यांदाच सांगतेयस.