प्रभावतीबाई समुद्राकाठी निघाल्या

आजच्या या घरगुती समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे सर्वांत ज्येष्ठ सभासद माननीय रंगराव बोऱ्हाडे, व्यासपीठावर, म्हणजे खरं सांगायचं तर टेबल टेनिसच्या टेबलामागे, विराजमान झालेले आपले उत्साही सचिव कुलदीप, आजचे सत्कारमूर्ती श्री. विलासराव आणि सौ. प्रभावतीबाई ओव्हाळ, समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, आणि भाषणं संपून बटाटेवडे कधी येतात याची वाट बघणाऱ्या बालगोपाळांनो,

कुलदीपनं मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. घंटा झाल्याशिवाय तास सोडायची मला सवय नाही, आणि इथे घंटा दिसत नाही. तेव्हा कुलदीप, घड्याळाकडे बघू नकोस, बाळा. निवांत बस.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगते. ओव्हाळ कुटुंब तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्याच दारात राहतं. विलासराव चाकणला एका कंपनीत टूलरूमला होते. प्रभावतीबाई शेजारच्या चिखलीला महापालिकेच्या बालवाडीत होत्या, त्यामुळे आज चिखलीत मिशा पिळत बुलेट फिरवणाऱ्या निम्म्या तरुणांची नाकं त्यांनी पुसलेली आहेत. मी मृदुला. सगळे मला बाई म्हणतात, प्रभावतीही बाईच म्हणते. मी तिला नुसतं प्रभावती म्हणते, आणि आज व्यासपीठ असलं तरी तसंच म्हणणार आहे.

ती माझी कोण, हे कसं सांगू? माझे यजमान गेले तेव्हा माणसं येत होती, समजूत घालत होती, जात होती. सगळ्यांचं मन चांगलं होतं. पण प्रभावती रोज सकाळी स्वतःचा चहा कपात घेऊन यायची, माझ्यासमोर बसायची, पेपर वाचायची आणि कप घेऊन निघून जायची. समजुतीचा एक शब्द नाही. त्या दिवसांत मला तिच्याइतकं कुणी सांभाळलं नाही. हे मी तिला आजवर बोलून दाखवलेलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते आहे.

आता ही मंडळी मोशी सोडून चालली कुठे आणि का? तर लेकीसाठी. आम्रपाली इथेच लहानाची मोठी झाली, खालच्या पार्किंगमध्ये सायकल शिकली. माझ्या गाडीवरचा तो लांब ओरखडा तिचाच आहे. आता ती उरणला राहते आणि मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला नोकरीला जाते. तिला मुलगी झाली आहे आणि बाळंतपणाची रजा संपत आली आहे. जावईबापू शिफ्टमध्ये. तिचा रोज फोन, आई-बाबा, आमच्याकडे राहायला या.

प्रभावती म्हणाली, लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून जाईन, कायमची राहणार नाही. यावर विलासरावांनी तिला तासभर व्याख्यान दिलं. मुलगा-मुलगी समान, हे जुने संकेत आपण कधीच सोडले, आपल्या घरात असलं काही मानायचं नाही, वगैरे. समोरच्या दारातून मी सगळं ऐकत होते. सगळं ऐकून घेऊन प्रभावती म्हणाली, “तुमचा विचार बरोबर आहे. पण स्वयंपाकघर तिचं आहे.”

मग ठरलं, की लेकीच्या जवळच, पण स्वतःचं घर घ्यायचं. मोशीचा फ्लॅट विकायचा आणि तिकडे लहानसा घ्यायचा. घरं बघायला मीही जायची. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण दोन माणसांत घर बघायला गेलं की भांडण होतं, तिसरं माणूस असलं की भांडायची लाज वाटते, असा माझा अनुभव आहे. विलासराव ओळंबा आणि लेव्हलची पट्टी घेऊनच निघायचे. प्रभावती आत शिरली की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडायची. मोशीत ज्यांनी टँकरचे उन्हाळे काढले, त्यांना घर म्हणजे आधी पाणी. एका दलालानं आम्हाला बाल्कनीतला सूर्यास्त दाखवायला बोलावलं, तर एकजण भिंत मोजत होते आणि एकजण चूळ भरून पाण्याची चव बघत होती.

शेवटी एक घर आवडलं. दुसरा मजला, आम्रपालीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि खिडकीखाली समुद्र. अगदी कुंपणाच्या भिंतीला लाटा लागत होत्या. विलासराव खिडकीतून हलेचनात. पुढच्या रविवारी येऊन विसार देतो, असं ते दलालाला सांगून आले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. विलासराव थेट खिडकीपाशी गेले आणि तिथेच थबकले. समुद्र नव्हता. जिथे पाणी होतं तिथे लांबवर चिखल, आणि त्यात दोन होड्या कलंडून पडलेल्या. विलासराव दलालाकडे वळले आणि म्हणाले, “भराव कुणी टाकला?”

हसू नका. तुम्ही मोशीचे आहात, तुम्ही तरी हसू नका. आपल्या इंद्रायणीच्या काठावर ट्रकनं राडारोडा येऊन पडलेला आणि नदी अंग चोरत गेलेली आपण बघितलेली नाही का? त्या ट्रकांपुढे आडवे उभे राहणारे, अर्ज करकरून अधिकाऱ्यांना वैताग आणणारे विलासरावच ना? आठवड्यापूर्वी पाणी होतं, आता चिखल आहे, म्हणजे बिल्डरनं पाणी बुजवायला घेतलं, हे त्यांना लख्ख दिसलं. दलाल बिचारा म्हणत होता, काका, पाणी येईल. विलासराव म्हणाले, सगळे बिल्डर हेच म्हणतात, पाणी येईल. आणि मी? भूगोलाच्या बाई रजेवर असताना मी वर्गात भरती-ओहोटी शिकवली होती, फळ्यावर चंद्रसुद्धा काढला होता. मी विलासरावांच्या शेजारी उभी राहून मान डोलावत होते. व्यवहार मोडून, पर्यावरणाचं रक्षण करून, आम्ही ताठ मानेनं मोशीला परत आलो.

आम्रपालीला फोनवर हे कळलं तेव्हा ती इतकी हसली, की झोपलेलं बाळ उठलं. विलासरावांचा चेहरा पडला. त्यांनी दलालाला लगेच फोन लावून माफी मागितली. घर अजून होतं. पुन्हा जायचं का, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

इथे प्रभावती अडली. आज नको, उद्या बघू, असं चाललं होतं. एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, “बाई, त्या दिवशी समुद्र दिसला नाही ते बरंच झालं. इथं माझी प्रभाकाकू व्हायला किती वर्षं गेली. तिथं परत आडनावापासून सुरुवात.”

आता जे सांगणार आहे त्याला मी प्रभावतीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, सांगा. विलासराव म्हणाले, सांगाच. बुद्धपौर्णिमेला आपल्या प्रत्येक दारात तिच्या हातची खीर येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षी काय झालं, ते थोड्यांना ठाऊक आहे. मी इथे नंतर आले, मला ते रंगरावांनी सांगितलं. त्या वर्षी काही वाट्या भरल्याच्या भरल्या परत आल्या, का, तर उपास आहे. एकाच दिवशी इतक्या घरांत उपास. बाकीच्या वाट्या धुऊन-पुसून, रिकाम्या परत आल्या. आपल्यात शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे कुणाला शिकवावं लागतं का? प्रभावतीला त्याचा अर्थ कळला. तिनं पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांसाठी खीर केली. त्या वर्षी रंगरावांच्या घरच्या मंजुळाबाई बोऱ्हाड्यांनी वाटीत शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा घालून ती स्वतः नेऊन दिली आणि तिथेच बसून राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून दार उघडं ठेवून. मंजुळाबाई, पदर तोंडावर घेऊ नका, जे केलंत ते केलंत. हळूहळू सगळ्या वाट्या भरून जायला लागल्या. आता तर त्या आठवड्यात ओव्हाळांकडे चूल पेटवायची गरज पडत नाही.

पण लक्षात घ्या, मंडळी, ते सगळं तिनं एकदा केलं होतं. आता गुडघे दुखायच्या वयात तेच सगळं पुन्हा, अनोळखी गावात, पहिल्यापासून करायचं. घर विकत मिळतं, शेजार कुठे विकत मिळतो? तिकडे नात वाट बघत होती आणि इकडे तिचा पाय निघत नव्हता. विलासराव शेवटी म्हणाले, तुझ्या मनात नसेल तर राहू दे, आपण इथेच राहू. समुद्राचं वेड लागलेल्या माणसाला हे म्हणणं सोपं नव्हतं. मग तीच मला म्हणाली, बाई, तुम्ही सोबत असाल तर एकदा बघून येते.

तिसऱ्यांदा गेलो. त्या इमारतीच्या तळमजल्यावर कस्तुराबाई म्हणून एक आहेत, अंगणात सुकट वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, घर बघायला आलात का, नाव काय तुमचं? प्रभावतीनं पदर सारखा केला आणि पूर्ण नाव सांगितलं, प्रभावती विलास ओव्हाळ. आडनावावर जोर देऊन. मी कस्तुराबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कस्तुराबाई म्हणाल्या, बसा, आणि पायरीवरचं सूप बाजूला सरकवलं. त्यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. एका पायरीवरून माणूस कळत नाही, ते वर्षभरानं कळेल. मग त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, ह्या कोण, जाऊबाई का?

प्रभावती म्हणाली, “नाही, ह्या माझ्या माहेरच्या. मोशी माझं माहेर.”

मंडळी, हिचं माहेर परभणीकडचं. आईवडील कधीच गेले, घरही राहिलं नाही. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माहेर हा शब्द मी ऐकला नव्हता. मला वाटतं तिलाही तो बोलल्यावरच ऐकू आला असावा, कारण ती एकदम माझ्याकडे वळून बघायला लागली. कस्तुराबाई म्हणाल्या, मग माहेरच्या माणसाला चहा न घेता कसं पाठवू? आम्ही चहा घेतला. वर खिडकीतून विलासराव ओरडून सांगत होते, की समुद्र आला आहे. आमचं कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. गाडीत बसल्यावर प्रभावती त्यांना म्हणाली, विसार देऊन टाका.

जिच्या पाठीशी माहेर आहे, तिला नव्या घरी पाऊल टाकायला बळ येतं. एवढं सोपं होतं ते. मला मात्र खूप रडू आलं, तेव्हाही आणि, तुम्हाला दिसतंच आहे, आत्ताही. आपली ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी रंगरावांची. ओव्हाळ चालले हे ऐकल्यावर ते मला म्हणाले, “बाई, ही जिमीन इकली तवा बी मला येवढं वाईट वाटलं न्हाई.” अध्यक्षांचं भाषण मीच करून टाकलं, तेवढं मला माफ करा.

आता आवरतं घेते. हॉल सजवणाऱ्या मुलींना आणि बाळाला घेऊन एवढ्या लांबून आलेल्या आम्रपालीला मनापासून धन्यवाद. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर म्हातारपणाच्या खात्यावर टाका आणि विसरून जा. कुलदीपची मिनिटं मी खाल्ली, त्याला माझ्या वाट्याचा वडा द्यावा.

आणि प्रभावती, एक शेवटचं. मंडळी, आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या घराची किल्ली सांभाळतो. काल संध्याकाळी ती माझी किल्ली परत द्यायला आली होती. रीतच आहे ती, घर सोडताना देतात. मी हात पुढे केला नाही, दुसरंच काहीतरी बोलत राहिले, आणि ती जरा हिरमुसून गेली. तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून आत्ता माइकवरून सांगते. माहेरच्या दाराची किल्ली परत द्यायची नसते गं. ती तुझ्याजवळच ठेव. येशील तेव्हा बेल वाजवू नकोस.