केरबाचं पान

धोंडाबाई : …तुझ्या श्रद्धाचं बारसं झालं त्या साली, दोन हजार तेवीसला. पाव्हणे परत लातूरला गेले आन् मी तुला म्हनलं, शिल्पा, आता माझ्या केरबाचं पान लिव. लिवलं का न्हाई?

शिल्पा : लिहिलं, आत्याबाई. तुम्ही सांगत गेलात, मी टाईप करत गेले.

धोंडाबाई : मंग हे काय हाय? वर नाव त्याचंच. केरबा ग्यानोबा गुंजोटे. आन् खाली बैलजोडी, तालीम, तंबाखू. माझं अडीच वर्साचं लेकरू तंबाखू खातंय व्हय?

शिल्पा : बघू… हे तुमच्या सासऱ्यांचं पान आहे. गावातल्या किशनकाकांनी मागच्या महिन्यात सांगितलेलं.

धोंडाबाई : सासऱ्याचं असू दे की. माझ्या लेकाचं कुठं हाय?

शिल्पा : थांबा. दोघांचं पूर्ण नाव एकच का?

धोंडाबाई : एकच असनार. सासरे गेले, दोन वर्सानं ह्यो झाला, त्यांचंच नाव ठिवलं. ह्याचा बाप ग्यानोबा, त्यांचाबी बाप ग्यानोबा. गावात घरोघर असंच हाय.

शिल्पा : मग गेलं ते.

धोंडाबाई : काय गेलं? नीट बोल, मला भ्या वाटायलंय.

शिल्पा : भूकंपाआधीच्या आपल्या किल्लारीतल्या माणसांची पानं करायला मी कॉम्प्युटरला प्रोग्रॅम लिहून दिला होता. माणसाच्या नावानं फाईल करायची. त्याच नावाची फाईल आधी असली, तर थांबून विचारायचं, जुनं पुसून नवं लिहू का?

धोंडाबाई : मंग इचारलं न्हाई त्यानं?

शिल्पा : मी विचारू दिलं नाही. दर पानाला भलत्याच खिडक्या उघडायच्या. हा फॉन्ट नाही, ही फाईल जुनी आहे. शाळेत शिकवून आले की नुसती हो-हो दाबत बसायचे. कंटाळून एका ओळीत सगळे इशारे बंद केले. त्यात हाही बंद झाला, आणि सासऱ्यांचं पान न विचारताच केरबाच्या पानावर लिहिलं गेलं.

धोंडाबाई : कच्चं लिवलेलं तर असंल?

शिल्पा : पान झालं की कच्चं पुसायचं, तेही मीच लिहून ठेवलं होतं.

धोंडाबाई : अगं बाई! आनखी कुनाचं गेलं का बघ.

शिल्पा : यादीत नावं दोनशे चौदा. पानं… दोनशे अकरा. अजून दोघांची गेलीत. सांगणारे तरी जिवंत आहेत की नाहीत, देव जाणे. किल्लारीला जाऊन कोणत्या तोंडानं विचारू?

धोंडाबाई : ते मागनं. आधी माझं.

शिल्पा : पुन्हा लिहू. आत्ताच, कागदावर. सांगा, त्याच्या अंगात काय होतं?

धोंडाबाई : लाल… न्हाई. सदरा हुता कसलातरी.

शिल्पा : तुम्हाला काय म्हणून हाक मारायचा?

धोंडाबाई : हाक… न्हाई आठवत गं.

शिल्पा : सावकाश आठवा.

धोंडाबाई : सावकाश कुठलं! इसरायले म्हनूनच तर तुला सांगितलं हुतं. परवा तुझंच नाव सापडंना मला. त्याचा फोटू न्हाई. त्याचा बाप गेला. तुझा नवरा आदिनाथ मागनं जन्मला, त्यानं बघितलंच न्हाई त्याला. म्या म्हनलं, पानात हाय नव्हं, मंग मी इसरले तरी चालंल.

शिल्पा : मला थोडं आठवतंय. कोंबडीला तो बाई म्हणायचा. तुम्हीच सांगितलं होतं, हसत होतात.

धोंडाबाई : कोंबडीला? …असंल. तू म्हनतीस तर असंल. पर मला दिसंना गं त्यो.

शिल्पा : चुकलं माझं, आत्याबाई.

धोंडाबाई : रडू नगंस, पोरगी उठंल. लिव. हाय तेवढं लिव, तेबी जायच्या आत.

शिल्पा : सांगा.

धोंडाबाई : केरबा ग्यानोबा गुंजोटे, ल्हाना. आईचं नाव धोंडाबाई. वय अडीच वर्सं. तीस सप्टेंबर त्र्याण्णवला, पहाटं, भूकंपात गेला.