पँटचा भरवसा

मन रमेल, म्हणे! अहो, रमायला मन जागेवर तरी हवं ना? तुम्हाला सांगतो, शिंपी माणूस मी, आणि महिनाभर हाताला असा कंप की सुईत दोरा ओवायला बायको लागते, छातीत धडधड, गळ्याला ही एवढी गाठ, रक्त तपासायला दिलेलं, संध्याकाळी डॉक्टरांचा फोन येणार... आणि ही म्हणते, ‘घरात येरझाऱ्या घालू नका, सिनेमाला चला. मन रमेल!’

आता सिनेमा कुठला निवडावा? सुरू होतो न होतो तोच पडद्यावर डॉक्टर! तोच चष्मा, तशीच फाईल, आणि नायकाला विचारतो काय, ‘सोबत कुणी आलंय का?’ झालं! हिला म्हटलं, ‘ऊठ, घरी जाऊ.’ तर ही, ‘बसा हो! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, शेवट खूप आशेचा आहे.’ अहो, पण शेवटापर्यंत मी टिकायला नको?

नायकाची नोकरी जाते, तो खिडकी उघडेना, जेवेना, बोलेना... सगळं थिएटर हुंदके देतंय, पुढचे एक गृहस्थ तर नाक असं शिंकरतायत की संवाद ऐकू येईनात. मन रमेल, म्हणे!

मग तो आरशासमोर उभा राहतो. पँट सैल झालेली. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडतो. महिन्याने आणखी एक! पण तुम्हाला सांगतो, तिथेच मला धीर आला. कारण माझी पँट? फिट्ट! डॉक्टरांच्या काट्यावर माझं वजन सहा किलो उतरलं होतं, पण मी म्हटलं, काटा खोटं बोलेल, मी स्वतः बेतलेली पँट कशी खोटं बोलेल? महिनाभर त्या पँटच्या जिवावर तर जगत होतो! हिच्या कानात म्हटलं, ‘बघ, मला पट्टासुद्धा लागत नाही. मला काही झालेलं नाही!’

तर ही ओक्साबोक्शी रडायला लागली... पडद्याकडे न बघता!

मी कमरेमागे हात नेला. मधल्या शिवणीवर बोट फिरवलं. बारीक, एकसारखे टाके. हातशिलाई. माझी नव्हे! अहो, पंचवीस वर्षं माझ्या दुकानात काजं-बटणं करणारी ही माझी बायको, तिचा टाका मी अंधारात ओळखणार नाही? मी आंघोळीला गेलो की ही पँट आत घेत होती, अर्धा-अर्धा इंच! आणि वर मलाच धीर देत होती! रडू फुटलं हो मला. नायकासाठी नाही, तिच्यासाठी.

तेवढ्यात फोन थरथरला. ‘थायरॉइड आहे. गोळ्यांनी बरं होईल. बाकी काही नाही.’ मी भर थिएटरात ओरडलो, ‘बाकी काही नाही!’ लोक म्हणाले, ‘शूऽऽ!’ आणि ही माझा हात घट्ट धरून, डोळे पुसत, ‘हळू हो, तो पडद्यावरचा अजून बरा व्हायचाय!’

मन रमेल, म्हणे! आता गोळ्या अशा लागू पडल्यात की पँट कमरेवर चढेना. हिला म्हटलं, ‘तूच आत घेतलीस, तूच सोड.’ तर म्हणते, ‘तेव्हा जिवावर बेतलं होतं म्हणून घेतली. आता हात थरथरत नाहीत ना? तुमची तुम्ही उसवा!’

बसलोय उसवत. पण बाईने टाके इतके पक्के घातलेत... निघता निघत नाहीत!