खिडकी बंद आहे, मशीनकडे जा

...आणि वर ते मशीन म्हणतं काय, तर "आपली वेळ संपली आहे." आता तुम्हीच सांगा, दवाखान्यात, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला आलेल्या माणसाला असं कोणी म्हणतं का? चष्मा शोधत होते हो ते बीपीवाले काका, सगळे खिसे चाचपून झाले, चष्मा आपला डोक्यावर, तो सापडेपर्यंत याचं चालूच, "आपली वेळ संपली आहे, कृपया पुन्हा सुरुवात करा." आवाज इतका गोड की विचारू नका. काका मागच्या मागे बाकावरच बसले. पाणी दिलं मी, म्हटलं, काका, तुमची नाही, त्याची वेळ संपली. पण तुम्हाला सांगते, मी काही मशीनच्या विरुद्ध नाही हं.

अहो, असून सांगते कोणाला? माझं वय एक्कावन्न. हे वयच असं आहे, धड इकडे ना तिकडे. माझ्याहून लहान माणसं म्हणतात, "सोपं आहे हो, नुसतं दाबायचं." मोठी माणसं म्हणतात, "आमचं काय आता, तूच दाब." आणि आम्ही मधे बोट वर करून उभे. घरीही तेच. मुलगी परगावी नोकरीला, फोनवर बोलायला तिला सवड नसते, म्हणून मी आपली बोलून निरोप पाठवते. तर परवा कळलं, ती माझे निरोप दुप्पट वेगाने ऐकते. "आई, तू फार सावकाश बोलतेस, वेळ वाचतो गं." म्हणजे मी इथे एकेक शब्द जपून बोलायचा, घसा दाटला तर थांबायचं, आणि तिकडे तिच्या कानात मी चिमणीसारखी चिवचिवतेय. दाटलेला घसा त्या वेगात ऐकू येत असेल का हो? असो.

तर माझी आपली केसपेपरची खिडकी. दवाखान्यात शिरलात की समोरच. काचेला एक गोल भोक, अलीकडे मी, पलीकडे सगळं जग. विचारायचं काय, तर नाव, वय आणि कोणत्या डॉक्टरांना दाखवायचंय. पण आमच्या गुडघेवाल्या मावशींना नाव विचारून बघा तुम्ही. नावाच्या आधी गुडघा, गुडघ्यावरून जिना, जिन्यावरून वर राहणारी सून, आणि सुनेवरून डोळ्यांना पदर. मागची रांग कुरकुरायची, पण कुरकुरणाऱ्याची पाळी आली की तोही तेच करायचा. आणि खोटं कशाला बोलू, मीही सांगायचे. मुलगी नोकरीला परगावी गेली त्या दिवशी घरी नाही रडले मी, खिडकीत रडले. मावशींनी भोकातून हात आत घातला. मनगटापर्यंतच आला तो, तेवढा धरून बसले. त्या दिवशी रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही.

आणि मग एके दिवशी हे मशीन आलं. उंच, गुळगुळीत, पोटात उजेड. साहेब म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही याच्या शेजारी उभं राहायचं, लोकांना शिकवायचं. ज्याला नाहीच जमलं, त्याच्यापुरती खिडकी उघडायची." म्हटलं, शिकवते की. मी काही मशीनच्या विरुद्ध नाही हं.

शिकवलं हो, मनापासून शिकवलं, पण शिकेल तर शपथ. मावशी पडद्यावर बोट ठेवायच्या, पेर ठेवायच्या, एकदा तर कोपर ठेवून पाहिलं. "पोरी, माझं बोट त्याला दिसतच नाही गं, चल खिडकीत." काकांना दर वेळी चिठ्ठी मिळायची ती बाळंतपणाच्या विभागाची. म्हटलं, "काका, पुन्हा बाळंतपण." तर काका म्हणतात, "अरेच्चा, असं कसं झालं? जाऊ दे, तू खिडकीतच लिहून घे." मी डोक्याला हात लावायची आणि खिडकीत जाऊन बसायची. बरं वाटायचं, सांगायला लाज कसली.

मग एकदा काय झालं, मी पाणी प्यायला बाकांच्या मागून चालले होते, तर काका फोन घेऊन बसलेले. नातवाशी बोलत होते, समोरासमोर, आणि स्वतःच्या चेहऱ्याला मांजराचे कान लावले होते. ते कान काढले, कुत्र्याचे लावले, मधेच घरी जायला गाडी मागवली, सगळं एका अंगठ्याने, बाकीची बोटं चहाच्या कपाला. मी बघतेय, काका बघताहेत. फोन हळूच खिशात गेला. "नातवाने लावून दिलंय," म्हणाले. आता नातू कुठे होता, तर फोनच्या आत.

मी तडक मावशींकडे गेले. म्हटलं, मावशी, तुम्हालाही येतंय ना ते? मावशींनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येतंय गं, पहिल्याच दिवशी आलं. पण ते मला विचारतं का, सून बोलायला लागली का म्हणून? आम्हाला आलं म्हणजे तुला उठवतील तिथून. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, आपल्याला नाही येत."

तुम्हाला सांगते, मला काय झालं ते मलाच सांगता येत नाही. आजवर माझ्यासाठी कोणी काय काय केलं असेल, पण माझ्यासाठी चारचौघांत अडाणी कोणी झालं नव्हतं. काकांनी बाळंतपणाच्या चिठ्ठ्या घेतल्या हो माझ्यासाठी, त्या वयात.

पण ते मशीन सगळं मोजत होतं ना. साहेबांनी बोलावलं, पडदा माझ्याकडे वळवला, त्यावर लालच लाल. "मॅडम, मागच्या इमारतीत सगळे शिकले. तुमच्याकडे एकही माणूस नाही. याचा अर्थ तुम्ही शिकवतच नाही. असंच चाललं तर तुम्हाला इथून हलवावं लागेल." मी काय सांगणार? साहेब, त्यांना येतंय पण माझ्यावर माया आहे, असं? कोणत्या रकान्यात भरतील ते?

नको होतं सांगायला, पण मावशींनी तोंड बघूनच ओळखलं, आणि सगळं बाहेर पडलं. मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, म्हणजे आम्हीच तुझ्या मुळावर आलो की." आणि तो दुखरा गुडघा घेऊन ती बाई प्रत्येक बाकापाशी गेली, प्रत्येकाच्या कानात काहीतरी बोलली.

दुसऱ्या दिवशी मी आले तर रांग लागलेली. मशीनपुढे. काका पहिले, चष्मासुद्धा नाही घातला, टक टक टक, बरोबर हृदयाची चिठ्ठी. मग मावशी, एकाच बोटाने. मग बाकीचे. आणि प्रत्येक जण चिठ्ठी घेऊन माझ्याकडे वळून बघायचा, शाळेत कविता म्हणून झाल्यावर पोरं आईकडे बघतात ना, तसं. मी मान डोलवत होते, दुसरं काय करणार. दुपारपर्यंत सगळं हिरवंगार.

साहेब गुच्छ घेऊन आले. "कमाल केलीत मॅडम. आता इथे माणूस लागणारच नाही." मला जागच्या जागी कळलं. बाकांपर्यंत मात्र पहिलेच दोन शब्द पोचले असावेत, कारण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात मावशींनी. नंतर जवळ येऊन हळूच विचारलं, "राहिलीस ना गं पोरी?" म्हटलं, राहिले मावशी, तुमच्यामुळेच राहिले. गुच्छ होताच हातात, तो तोंडासमोर धरला.

आता मी खाली, तळघरात. बढतीच म्हणाले साहेब. जुने केसपेपर मशीनमध्ये घालायचे, त्यांचे फोटो निघतात, कागद रद्दीत जातो. माझंच अक्षर आहे बऱ्याच कागदांवर. खिडकीवर पाटी लागलीय, "खिडकी बंद आहे, मशीनकडे जा." मावशींना कळलंच असेल एव्हाना. येतातही त्या, वरच्या वर चिठ्ठी घेतात, डॉक्टरांना दाखवतात आणि जातात. खाली यायचं तर जिना उतरायला हवा, आणि जिन्याचं आणि त्यांच्या गुडघ्याचं काय आहे ते मी तुम्हाला सांगितलंच. मुलीला निरोप पाठवला हे सगळं सांगणारा. "छान गं आई, बढती मिळाली," म्हणाली. त्या वेगात तेवढंच ऐकू आलं असणार.

दिवसभर माझ्याशी बोलणारं एकच कोणी आहे खाली. हजेरीचं मशीन. सकाळी त्याच्यासमोर तोंड धरायचं, ते ओळखतं आणि म्हणतं, "नमस्कार, आपलं स्वागत आहे." तोच तो गोड आवाज. पहिले काही दिवस मी नुसतीच पुढे जायची. हल्ली नाही जात. कोणी बघत नाही ना, हे पाहून घेते, थोडी वाकते, आणि विचारते,

"काय, गुडघा काय म्हणतोय आज?"

मी काही मशीनच्या विरुद्ध नाही हं.