बिनदाराचं घर

“बाबा, हात लावू नका म्हटलं ना! मोठ्यांनी हात लावला की घर बाद, असं दुकानातल्या ताई म्हणाल्यात.”

“हात कुठे लावतोय? सांधा सांध्यावर आलाय, एवढंच सांगतोय. भिंत उभी फाटेल.”

“या खेळण्यातल्या विटा आहेत.”

“विटेला काय कळतंय, खेळण्यातली की खरी? वरची अर्धी सरकव. हां, अश्शी! गवंड्याची पोर शोभतेस.”

खेळण्यांच्या दुकानात स्पर्धेसाठी मुलांना प्लास्टिकच्या विटांची घरं बांधायला बसवलं होतं. माझी धाकटीही या बापलेकीच्याच टेबलावर होती.

“पण दार कुठंय गं?”

“नाही ठेवलं.”

“वेडाबाई, बिनदाराचं घर असतं का कुठे?”

“दार ठेवलं की तुम्ही उद्या साइटवर जाल. मग दोन-दोन महिने येत नाही.”

बाप तिच्याशेजारी उकिडवा बसला.

“अगं, दार नसलं तर मी परत आत कसा येणार?”

पोरीने घराकडे नुसतं बघितलं. मग एकच वीट काढली.

“एवढ्यातून मावेन मी?”

“आलात की मोठं करीन.”

इकडे आमच्या धाकटीची भिंत उभी फाटली. ती भोकाड पसरायच्या आत मला तिच्याकडे वळावं लागलं.