जुळलेलं हाड

सासू : मग? डॉक्टर काय म्हणाले, ते सांगता सांगता थांबलीस.

सून : मान जरा खाली घ्या, आई. हां, अशी. हलू नका.

सासू : हलत नाही. तू बोल.

सून : फोटो लावला भिंतीवरच्या पडद्यावर. पाठ माझीच, पण सुताराने ठोकून बसवल्यासारखी दिसत होती. स्क्रू काय, सळ्या काय. मग पेनाने दाखवत म्हणाले, पहिल्या ऑपरेशनात इथे हाड जुळलंच नव्हतं, म्हणून स्क्रू सैल झाला होता. या वेळी बघा किती सुरेख जुळलंय. बाहेर दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्यांनाही आत बोलावून दाखवलं. तिघंही खूश.

सासू : आणि तू?

सून : मी म्हटलं, मग अजून दुखतं कशाने?

सासू : बरोबर विचारलंस.

सून : त्यावर खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, हाडाचं काम झालं, आता प्रश्न नसेचा आहे. फार दिवस दबलेली नस मोकळी केली, तरी ती मोकळी झाल्याचं तिला उशिरा कळतं. कधीकधी कळतच नाही.

सासू : कळतच नाही म्हणजे?

सून : म्हणजे दुखत राहतं. असं तोंडाने नाही म्हणाले ते. सवय करून घ्या म्हणाले. गोळ्या बदलून दिल्या, व्यायाम सांगितला, आणि दार उघडून धरलं. कान धरा हा, आई. नाही, तुमचा स्वतःचा. पुढे दुमडून धरा.

सासू : कान कापलास तरी चालेल, पण तू दम घे जरा. मघापासून एकाच पायावर उभी आहेस.

सून : डावा पाय टेकवला की करंगळीपर्यंत जळतं. उजव्यावर बरं आहे.

सासू : मग खुर्ची घे.

सून : बसल्यावर आणखी वाईट. तुम्हाला माहीत आहे.

सासू : माहीत आहे गं. माहीत असूनही तोंडातून निघतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बस म्हणायची जन्माची सवय.

सून : माझ्या पार्लरात परवा तेच झालं. म्हटलं जरा डोकावून येऊ. माझ्या खुर्चीपाशी आता माझीच मदतनीस काम करते, छान करते. जुनी गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी उठून मला जागा दिली. मी आपली भिंतीला टेकून उभी. एक म्हणाली, चेहऱ्यावरून तर अगदी टवटवीत दिसताय. मला वाटलं, हिच्या हातात माझी पाठ देऊन बघावी पाच मिनिटं.

सासू : काय म्हणालीस तिला?

सून : थँक्यू म्हणाले. काय म्हणणार. पूर्वी मी दिवसभर वाकून केस कापायचे आणि वर गप्पा मारायचे. पाय बधिर होऊन चप्पल चालता चालता मागे राहायला लागली, तेव्हासुद्धा हसण्यावारी नेलं. आता तुमच्या एका डोक्याला घाम फुटलाय मला.

सासू : डोकं मोठं आहे माझं.

सून : हसवू नका, हातात कात्री आहे.

सासू : बरं. एक विचारू? माझा लेक दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घेऊन बसलाय. ते म्हणतात, वरचा मणका झिजायला लागलाय, तिथपर्यंत सळ्या वाढवू. त्यावर तू काहीच बोलत नाहीस. तो बोलतो, तू भिंतीकडे बघतेस. मी फोनच्या ऑफिसात इतकी वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. पलीकडचं माणूस गप्प आहे की लाइनच तुटलीय, मला न सांगता कळतं.

सून : आई, मला आडवं व्हावं लागेल.

सासू : हो, हो. मी चटई टाकते.

सून : तुम्ही वाकू नका, तुमचा गुडघा. पायाने सरकवा इकडे. उशी फक्त द्या गुडघ्यांखाली. थांबा, आधी कुशीवर होऊ द्या.

सासू : सावकाश. माझ्या खांद्याला धर. हं.

सून : झालं. तुमचे केस मात्र अर्धेच राहिले.

सासू : राहू देत. एका बाजूने म्हातारी, एका बाजूने तरुण. कुठे मिरवायला जायचंय मला.

सून : नाही करणार मी ते.

सासू : केस? अगं, सांगितलं ना, राहू देत.

सून : ऑपरेशन. तिसरं नाही करणार. त्यांना फोन करून कळवलंसुद्धा आज सकाळी.

सासू : त्याला?

सून : त्याला नाही. डॉक्टरांच्या ऑफिसला. तुमच्या लेकाला कसं सांगू? पहिल्या वेळी म्हणाला, दोन महिन्यांत तू पळशील. मी मान डोलावली. दुसऱ्या वेळी गुंगीतून नीट जागीही झाले नव्हते, तर माझा हात धरून म्हणतो, आता सगळं पहिल्यासारखं. तेव्हाही डोलावली. माझ्या सायकलीत दर रविवारी हवा भरतो, आई. इतक्या आशेने भरतो की मला खोलीतून बाहेर यावंसं वाटत नाही.

सासू : पण बाई, करून बघितलंस तर? समजा, थोडं जरी कमी झालं...

सून : किती कमी होईल, हे विचारलं मी त्या डॉक्टरांना. ते म्हणाले, निम्म्या लोकांना बरं वाटतं. उरलेल्यांचं काय, विचारलं. तर म्हणाले, काहींचं आहे तसंच राहतं, काहींचं वाढतं. यापेक्षा वाढलं तर मी काय करू? आता निदान सकाळचा थोडा वेळ माझा असतो. अंघोळ माझी मी करते. तेही गेलं तर?

सासू : हं.

सून : रागावलात?

सासू : नाही. म्हणजे, हो. तुझ्यावर नाही. कसं सांगू. मी इथे आले ती सहा आठवड्यांसाठी. बॅग एवढीशी. मग स्क्रू सैल झाला, मग तुझं दुसरं ऑपरेशन, मग नस. माझ्या घराला कुलूप आहे. वरच्या मजल्यावरची मैत्रीण फोनवर म्हणते, तुझा चेहरा विसरले. मी मनात धरून चालले होते, की हे तिसरं एकदा झालं की तू उभी राहशील आणि मी सुटेन. त्यालाही मीच म्हणाले, घे तारीख. तुझ्यासाठी म्हणाले, असं मला वाटलं होतं. आता तू नाही म्हणालीस, तर पहिला विचार काय आला? मग मी घरी कधी जाणार.

सून : हे तुम्ही आधी का नाही बोललात?

सासू : दुखणाऱ्या माणसासमोर थकल्याचं कसं बोलायचं?

सून : आणि मी दुखतंय हे कसं बोलू, तुम्ही भांडी घासत असताना? कण्हणं उशीत दाबायचे मी. तुम्हाला वाटेल, अजून हिचं संपलं नाही.

सासू : वाटायचंच. खोटं नाही बोलत. भिंतीपलीकडे ऐकू यायचं, आणि मी देवाला नाही, तुलाच म्हणायचे मनात, बाई, आज तरी झोप.

सून : आई, तुम्ही जा घरी.

सासू : आणि तुझं?

सून : रोजची भांडी वरच्या फळीवरून खाली आणून ठेवू. कपडे वाळत घालायला एखादी बाई मिळेल. जमिनीवर पडलेलं उचलायला तो लांब चिमटा आहेच. काही दिवस घर घरासारखं दिसणार नाही, एवढंच. तुम्ही महिन्या दोन महिन्यांनी या. पाहुणी म्हणून या. मला तुमची पाहुणी म्हणून आठवण येते.

सासू : पाहुणी असताना तू माझ्याशी भांडायचीस.

सून : तेच म्हणतेय.

सासू : दार वाजलं. आला तो. मी जाऊ का आत?

सून : नाही. इथेच बसा.

(नवरा दार लोटून आत येतो. खुर्चीत अर्धे केस कापलेली आई, जमिनीवर बायको.)

नवरा : काय झालं? पडलीस?

सून : पडले नाही, आडवी झाले. बूट काढ आधी.

नवरा : आणि आईचं हे काय?

सासू : फॅशन आहे. तू तिचं ऐक.

नवरा : ऐकतो, पण आधी माझं. मला मधेच त्या डॉक्टरांच्या ऑफिसचा फोन आला होता, नीट ऐकू येत नव्हतं. बहुतेक तारीख अलीकडे घेतली असणार. मी उद्या रजा टाकतो आणि...

सून : तारीख मी रद्द केली. तेच सांगायला फोन असेल त्यांचा.

नवरा : रद्द म्हणजे पुढे ढकललीस.

सून : नाही रे. रद्द. मला पुन्हा पाठ उघडून घ्यायची नाही. हाड जुळलंय, सगळं जिथल्या तिथे आहे, आणि तरी दुखतंय. हे असंच राहणार आहे. कधी कमी, कधी जास्त. मला हे तुला खूप आधी सांगायचं होतं.

नवरा : असंच म्हणजे... कायम?

सून : बहुतेक.

नवरा : आई, तुला माहीत होतं?

सासू : आत्ता कळलं. आणि मी परवा घरी जातेय, तेही आत्ताच ठरलं. सगळं एकदमच ऐकून घे.

नवरा : मी किती जणांना विचारलं. रात्र रात्र वाचत बसलो. अजून काहीतरी असेल, गं. कुणीतरी असेल.

सून : असेल. पण मी दमले. तू शोधत राहिलास की मला रोज बरं होत राहावं लागतं. तेवढं नाही जमत आता.

नवरा : मग मी काय करू?

सून : काही नको करू. आत्ता खूप दुखतंय, एवढं ऐक फक्त.

नवरा : कुठे?

सून : कमरेपासून खाली. डावीकडे. मांडीच्या मागून, पोटरीतून, थेट करंगळीपर्यंत. कढत पाणी ओतल्यासारखं.

नवरा : हे तू मला कधी असं सांगितलं नव्हतंस.

सून : नाही.

नवरा : सरक थोडी.

सून : तू कशाला खाली? कपडे खराब होतील, केस पडलेत सगळीकडे. आणि फरशी गार आहे.

नवरा : असू दे.