शिवगोंडाची पाठ

शिरोळहून आलेल्या पावण्यांनो, पलटणीतल्या भावांनो, वहिनी...

शिवगोंडाविषयी दोन शब्द बोल म्हणालात. रात्रीपासून शब्द जुळवतोय, जुळत नाहीत. तो समोर असता तर म्हणाला असता, 'कांबळ्या, बोल की लवकर, मंडळी ताटकळल्यात.'

आम्ही एकाच पलटणीतले. बर्फात आमची गाडी घसरली, दरीत गेली. चालक जागीच गेला. माझा पाय गाडीखाली अडकला. शिवगोंडानं पाठ लावली. होय, पाठ. लोखंडाखाली पाठ घातली आणि जोर लावून गाडी तेवढी उचलली. 'वढ पाय! वढ!' म्हणून ओरडत होता. मी ओढला. पाय राहिला नाही, पण मी राहिलो.

माझी जखम सगळ्यांना दिसली. मला अपंग पेन्शन मिळाली. त्याची पाठ कुणाला दिसली? तो दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर उभा. पुढं त्याचे पाय बधिर व्हायला लागले. डॉक्टरांच्या बोर्डानं सांगितलं, हे दुखणं नोकरीमुळं नाही. आणि पेन्शनशिवाय घरी पाठवलं.

एकाच दरीत पडलो आम्ही. माझं दुखणं देशाचं, आणि त्याचं दुखणं त्याचं एकट्याचं? हा कुठला न्याय?

गावात लोक म्हणायचे, 'धडधाकट दिसतोस की! पेन्शन कशाला पायजे तुला?' हळूहळू तो माणसांत यायचाच बंद झाला. उसाला तोड आली की रानात सगळी माणसं, आणि हा घरात पालथा पडून.

एकदा माजी सैनिकांचा सत्कार होता. मला बोलावलं, त्याला नाही. मी ती शाल घेऊन तसाच त्याच्या घरी गेलो. म्हटलं, 'शिवा, ही तुझी.' त्यानं ती माझ्याच खांद्यावर टाकली. 'शाल नगं. पैशाचंबी ऱ्हाऊ दे. माझी पाठ कशानं मोडली, एवढं खरं लिवा म्हणावं त्यास्नी.'

मग तो कोर्टात गेला. मी साक्षीला. न्यायाधीश साहेबांनी त्याला विचारलं, 'त्याच वेळी का सांगितलं नाही?'

शिवगोंडा म्हणाला, 'साहेब, ह्याचा पाय तुटल्याला. माझी पाठ दुखतीया, असं कसं सांगू?'

निकाल त्याच्या बाजूनं लागला. वहिनींनी खीर केली. पण सरकारनं वर अपील केलं. पुन्हा तारखा. त्या तारखांतच तो गेला.

वहिनी, तुम्ही केस सोडणार नाही म्हणालात. सोडू नका. पण दरीत काय घडलं ते बघितलेला आता मी एकटाच आहे.

रोज सकाळी त्याचा फोन यायचा. 'पाय दुखतोय काय रं?' नसलेला पाय दुखतो, हे फक्त त्यालाच पटायचं. आता कुणाला सांगू?

चला, उभं राहूया. मी बसूनच बोललो, माफ करा. मला उठायला हात लागतो. कुणीतरी द्या. आणि मी उठेपर्यंत जरा थांबा. त्याला सॅल्यूट उभ्यानंच करायचाय.